तुम्ही भाईजानला ते सांगायला नको होतं

आज एकोणिसावा दिवस. पहिल्या दिवसांत आलेल्या बायकांना बसायला जागा पुरेना, समोरच्या मेश्रामताईंकडून दोन सतरंज्या आणाव्या लागल्या. आता दिवसाला एखादी येते. परवा कोणीच आलं नाही. तुमच्या मागं पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस मला या दोन खोल्यांतच काढायचे आहेत, म्हणून मी दारापर्यंत जाते आणि परत येते. खालून गांधीबागेकडे जाणाऱ्या हातगाड्यांचा खडखडाट येतो, कापडाच्या गठ्ठ्यावरून कोणीतरी कोणावर तरी ओरडत असतं, आणि या सगळ्या आवाजात तुमचा नाही हे मला दर वेळी नव्यानं कळतं.

येणारी प्रत्येक बाई तुमच्याबद्दल एकच वाक्य बोलते. जणू जिन्यात ठरवून वर येतात. "याकूबभाई म्हणजे जसे आत, तसे बाहेर." मी मान हलवते. ते खोटं नाही. शेवटची सहा वर्षं तर मुळीच खोटं नाही. पण तुम्ही तसे जन्मला नव्हतात. तसे झालात तेव्हा ते पाहायला घरात मी एकटीच होते. आलेल्या बायकांना हे सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. बरंचसं तुम्हाला माहीत आहे. एक गोष्ट माहीत नाही.

मराठीत लिहिते आहे याचं हसू येईल तुम्हाला. चौतीस वर्षं पोरांना मराठी शिकवली, दुसरं काय येणार? "रजिया, तू भांडते उर्दूत अन् रडते मराठीत," असं तुम्ही म्हणायचात. तुमचं मात्र भांडण, लाड, हिशेबी गप्प बसणं, सगळं तुमच्या गावच्या, खाप्याच्या बोलीत.

खाप्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

तुमच्या अम्मा गेल्या तेव्हा आपली शबाना चौथीत होती. तुम्ही जरीपटक्यात एका साडीच्या दुकानाची पाटी रंगवत होतात. खालच्या दुकानात फोन आला, मी तशीच ऑटोनं निघाले. तुम्ही शिडीवर होतात, दुकानाच्या नावातला 'श्री' लाल रंगात अर्धा झाला होता. मी खालून म्हटलं, "अम्मा गेल्या." तुम्ही ब्रश डब्यात न ठेवता तसाच हातात घेऊन उतरलात. सावनेरपर्यंत बस, पुढे मिळेल ते. पोचलो तेव्हा माणसं कब्रस्तानातून परतली होती आणि कन्हान नदीच्या वाटेवरच्या नळावर हात धूत होती. हातांवरची माती कोणाच्या कबरीची, हे विचारायची गरज नव्हती.

इस्माईलभाई, तुमचे मोठे भाऊ, ज्यांना आपण भाईजान म्हणायचो, दारात उभे होते. तुम्ही विचारलंत, "दोन घंटे थांबता नाही आलं?"

ते म्हणाले, "जनाजा रोखून ठेवत नसतात याकूब. दीनचं काम हाय ते."

बरोबर होतं. मयत लवकर दफन करावी असं धर्मच सांगतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच तुम्हाला बोलायला जागा राहिली नाही. तुम्ही एकटे कब्रस्तानात गेलात, आणि बंद झालेल्या कबरीवर तीन मुठी माती टाकून आलात. बोटांवर लाल रंग तसाच होता. परतताना बसमध्ये मला एवढंच म्हणालात, "त्यानं मुद्दाम केलं." मी म्हटलं, असं बोलू नये. पुढची अकरा वर्षं तुम्ही सख्ख्या भावाशी एक शब्द बोलला नाहीत.

मग भाईजानना लकवा मारला. भाभी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. शुक्रवारी, जुम्याच्या नमाजीनंतर खाप्याची दोन बुजुर्ग माणसं आपल्या मशिदीत आली आणि सगळ्यांच्या देखत तुम्हाला म्हणाली, "भाऊ तुमचा हाय, याकूबभाई. आता तुम्हीच सांगा." तुम्ही घरी आलात, चपला काढता काढता म्हणालात, "उद्या भाईजान येऊन राहिले आपल्याकडे."

मी विचारलं, "माफ केलं तुम्ही त्यांना?"

"लोकायसमोर विचारलं त्याईनं. नाही कसं म्हणू?"

तुमचं ते उत्तर मी तेव्हा नीट ऐकलंच नाही. आता ऐकू येतं.

सात महिने. बाहेरच्या खोलीत खाट, खाटेखाली भांडं, उशाशी स्टीलचा पेला. दर शुक्रवारी तुम्ही भाईजानना नहाण घालून, इस्त्रीचा कुडता चढवून, चाकाच्या खुर्चीतून मशिदीत न्यायचात. जिन्यावरून खाली उतरवायला मेश्रामभाऊ एक बाजू धरायचे. मशिदीच्या फाटकापासून तुमचा आवाज बदलायचा. "भाईजान, सांभाळून. भाईजान, ऊन तर नाही लागत?" मशिदीच्या आवारात तुम्ही वाकून त्यांच्या पायांवरची चादर नीट करायचात. माणसं थांबून बघायची. एकानं तुमचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, असा भाऊ अल्लाह सगळ्यांना देवो. ते तुम्ही घरी येऊन मला सांगितलंत. दोनदा.

आणि घरात? घरात तुम्ही त्यांच्याशी बोलत नव्हतात. "उचला." "वळा." "तोंड उघडा." एवढेच शब्द. कूस बदलताना खांद्याला धरून असं वळवायचात, की खाट कुरकुरायची. पाय धुताना पाणी इतकं जोरात ओतायचात की फरशी भिजायची. भाईजान छताकडे बघत राहायचे. अर्धा चेहरा मेलेला, त्यामुळे उरलेल्या अर्ध्यावर काय आहे ते कळत नसे. मला वाटायचं, तुम्ही थकता. मी शाळेतून दमून यायची तेव्हा माझंही भांड्यांवर तसंच व्हायचं.

चादरी मात्र मी धूत होते. भांडं मी रिकामं करत होते. मशिदीत बायका नसतात, त्यामुळे माझा हात हातात घेऊन कोणी काही म्हटलं नाही. हे मी तेव्हाही मनात मोजत होते, बरं का. तुम्हाला वाटायचं रजियाला काही वाटत नाही.

आठव्या महिन्यात तो जुमा आला. इमामसाहेबांनी आदल्या दिवशी निरोप पाठवला होता, की नमाजीनंतर नात्यागोत्याच्या हक्कांवर बोलायचं आहे, दोन शब्द याकूबभाईंनी सांगावेत, तरुण पोरांनी डोळ्यांनी पाहिलंय ते कानांनीही ऐकावं. तुम्ही रात्री जेवताना मला विचारलंत, पांढरा कुडता घालू की तो बदामी? मी म्हटलं, बदामी.

पुढचं मला मेश्रामभाऊंनी सांगितलं. खुर्ची परत न्यायला ते फाटकाशी उभे होते. तुम्ही उभे राहिलात, सलाम केलात, "भावाचा हक..." एवढं म्हणालात आणि थांबलात. समोर पहिल्या रांगेच्या कडेला भाईजान खुर्चीत बसले होते, तुमच्याकडे बघत. तुम्ही परत तोंड उघडलंत. शब्द नाही. मग तुम्ही खाली बसलात. लोकांचे डोळे भरून आले. केवढा विनम्र माणूस, स्वतःच्या नेकीबद्दल बोलवत नाही त्याला! त्या दिवशी तुमची इज्जत होती त्याच्या दुप्पट झाली.

घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "पित्त झालं." बदामी कुडता खुंटीला न लावता खाटेवरच फेकलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. तुम्ही भाईजानच्या खाटेशी स्टूल ओढून घेतल्याचा आवाज आला. तुम्ही कधी त्यांच्याजवळ बसत नव्हतात, म्हणून माझं लाटणं थांबलं.

"भाईजान, तुमाले एक सांगाचं हाय."

स्टूल आणखी पुढं सरकलं, आणि तुम्हीच बोलत राहिलात.

"मी तुमाले घरी आणलं ते तुमच्यासाठी नाही आणलं. लोकं पाहून राहिले होते म्हणून आणलं. अम्माले मिट्टी देऊ दिली नाही तुम्ही मले, ते मी माफ केलं नाही. आजही नाही. तुमचे पाय धुतो तवा मनात शिव्या देतो. अन् तिकडे मशिदीत चादर नीट करतो. हे मी कालपावतो अल्लाहपासूनही लपवून राहिलो होतो. काल उभा राहिलो तं तुम्ही समोर होते. बोलताच नाही आलं."

तव्यावरची पोळी जळली. मी गॅस बंद केला आणि दाराच्या आडोशाला उभी राहिले.

भाईजानना एक वाक्य बोलायला तेव्हा बराच वेळ लागायचा, शब्द ओठाच्या एका कोपऱ्यातून घरंगळत यायचे. ते म्हणाले, "मालूम हाय मले, याकूब गा. तुया हातानं कळते."

मला वाटलं संपलं. तेवढ्यात ते परत बोलायला लागले.

"मीनं बी... मुद्दामच केलं. दोन घंटे थांबता आलं असतं. नऊ वर्स... मी केलं अम्माचं. अन् शेवटी शेवटी अम्मा तुलेच हाका मारे. याकूब... याकूब. मी समोर बसून, अन् याकूब. मले राग आला. मंग दीनचं नाव घेतलं." त्यांना धाप लागली. "काम बरोबर होतं. मी बरोबर नव्हतो."

आणि ते रडायला लागले. लकव्याच्या माणसाचं रडणं तुम्ही ऐकलंत, मीही ऐकलं. त्याला आवर घालता येत नाही. ते दोन दिवस चाललं. दोन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही.

त्या संध्याकाळी आपण जे भांडलो, ते भांडण आपण पुढं सहा वर्षं भांडत राहिलो. अजून मिटलेलं नाही. आता कसं मिटणार?

मी म्हणाले होते, "तुम्ही भाईजानला ते सांगायला नको होतं. तुमच्या छातीवरचं ओझं उतरवून तुम्ही त्या मरणाऱ्या माणसाच्या छातीवर ठेवलंत."

"त्याईले आधीच मालूम होतं."

"मालूम असणं वेगळं आणि तोंडावर ऐकणं वेगळं! पाणी खरं होतं ना? धुतलेली चादर खरी होती ना? तहान लागलेल्याला पाणी मिळालं म्हणजे झालं, देणाऱ्याच्या मनात काय आहे त्याचं त्याला काय करायचंय?"

"त्याले काही नाही करायचं. मले करायचं हाय."

"म्हणजे हेही तुमच्यासाठीच केलंत."

मला वाटलं मी जिंकले. बऱ्याच वेळानं तुम्ही म्हणालात, "हाव. हे बी माह्यासाठीच असंल. पण रजिया, सात महिने मी त्या माणसाजवळ गेलोच नाही वं. लोकायच्या नजरेजवळ जात होतो. आज पहिल्यांदा त्याच्याजवळ बसलो."

कर्म नीयतीवर, करणाऱ्याच्या मनातल्या हेतूवर तोललं जातं, हे तर मदरशातल्या सहा वर्षांच्या पोरालाही पाठ असतं. आपण सगळे ते पाठ म्हणतो. ते कोणी खरोखर घरात आणून ठेवलं, तर केवढी अडचण होते हे मला त्या दिवसांत कळलं.

त्यानंतर भाईजान साडेतीन आठवडे जगले. त्या साडेतीन आठवड्यांत बाहेरून काहीही बदललं नाही. तीच खुर्ची, तोच कुडता, तीच पायांवरची चादर. मोहल्ल्यातल्या कोणाला विचारलं असतं तर त्याला फरक सांगता आला नसता. पण खाट कुरकुरायची थांबली. पाणी ओतायच्या आधी तुम्ही त्यात कोपर बुडवून बघायला लागलात, फार गरम नाही ना म्हणून, शबाना तान्ही असताना बघायचात तसं. तुम्ही दोघं बोलायला लागलात, आणि बोलायला लागलात म्हणजे भांडायलाही लागलात. कन्हानच्या डोहात लहानपणी कोण बुडता बुडता वाचलं होतं आणि कोणी कोणाला ओढून काढलं, यावर दोघांचं एकमत होईना. भाईजान ओठाच्या कोपऱ्यातून "झूट... झूट" म्हणायचे. तुम्ही हसत हसत त्यांचं तोंड पुसायचात. मी चादरी धूत होतेच. एकदा तुम्ही न्हाणीच्या दारात येऊन माझ्या हातातली बादली घेतलीत आणि म्हणालात, "आतापावतो हे मले दिसलंच नाही." बस, तेवढंच. मला त्या वाक्याचं काय करावं ते कळलं नाही. मी म्हटलं, "आता धुऊन झाल्यावर आलात?"

ते गेले तेव्हा मयतीचं शेवटचं नहाण, गुस्ल, तुम्हीच दिलंत. दफनाला छिंदवाड्याहून भाभींचा भाऊ यायचा होता, तुम्ही त्याची वाट बघितलीत. कोणीतरी कुजबुजलं, एवढा उशीर बरा नाही. तुम्ही म्हणालात, "तासाभरानं काही होत नाही. त्याचे हात लागू द्या."

तिथून पुढं तुमच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं, हे आलेल्या बायकांना कोण सांगणार? पाहुणे आले, मी चहा ठेवायला उठले, तर तुम्ही मागून स्वयंपाकघरात यायचात. "मनात चिडून करून राहिली असशील तं राहू दे, मी करतो." अहो, चहा आहे तो! लग्नात बिर्याणी कशी होती म्हणून यजमानानं विचारलं, तर "मले भूक नव्हती, मन लावून खाल्लीच नाही" असं तुम्ही त्याच्या तोंडावर सांगितलंत. मी घरी येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. "मस्त होती म्हणायला काय जात होतं?" तर तुमचं आपलं, "काहून म्हणू?" सुरुवातीला तर तुम्ही इतके कडक झालात की खरेपणाचाही तुम्हाला थोडा डौल आला होता. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं. तुम्ही चिडलात. आणि मग आठवडाभरानं, भाजी निवडताना मधेच म्हणालात, "बरोबर बोलली तू त्या दिवशी." पुढं हळूहळू ते ओसरलं. नको तिथं खरं बोलणं थांबलं, आणि खोटंही परत आलं नाही. पाट्या रंगवायची कामं फ्लेक्सनं खाल्ली होती, तुम्हाला वेळच वेळ होता. मोहल्ल्यात कोणी आजारी पडलं तर जायचात, बसायचात, निघून यायचात. कुठं गेला होतात म्हणून मी विचारलं तर "बाहेर." त्या चार-पाच वर्षांत मला तुम्ही आवडायला लागलात. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर. हेही मी बोलले नाही.

आता ती माहीत नसलेली गोष्ट.

उन्हाळ्याची सुट्टी होती. तुम्ही भाईजानजवळ स्टूल ओढून बसलात त्या सकाळच्या आधी, साधारण महिनाभर. तुम्ही कामावर होतात. दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. त्या दिवशी मी दोनदा चादर बदलली होती, आणि सकाळीच तुम्ही मला कोणी कुठं तुमची काय तारीफ केली ते सांगून गेला होतात. भाईजाननी हाक मारली. "पा... पा..." त्यांना पाणी म्हणायचं होतं. मी ऐकलं. मी उठले नाही. वाटलं, एक मूठ तांदळाची संपवते. मग वाटलं, अजून एक. त्यांनी परत हाक मारली. मी खडे वेचत राहिले, अगदी मन लावून. हाका येत राहिल्या आणि मग थांबल्या. त्या थांबल्यावरही मी लगेच गेले नाही.

गेले तेव्हा पेला जमिनीवर पडला होता. चांगला हात लांबवून त्यांनी तो घ्यायचा प्रयत्न केला असणार. पाणी खाटेखाली पसरलं होतं. ते माझ्याकडे बघत होते. मी दुसरा पेला भरला, मानेला हात देऊन त्यांना पाजला. ते सगळं प्याले.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "आज काय म्हणतात?" मी म्हटलं, "दिवसभर झोपले होते." भाईजान तिथंच होते, जागे. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. तुम्ही दोघं तासन्‌तास बोलायला लागलात तेव्हाही त्यांनी तुम्हाला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमच्या चेहऱ्यावर मला दिसलं असतं.

म्हणजे बघा. त्या संध्याकाळी मी तुमच्याशी जे भांडले, ते भाईजानसाठी नव्हतं. मला भीती वाटली होती. घरात खरं बोलायची सुरुवात झाली होती, आणि माझी पाळी येईल असं मला वाटलं. "तहान लागलेल्याला पाणी मिळालं म्हणजे झालं" असं मी तुम्हाला म्हणाले. मी म्हणाले! तुम्ही तो मुद्दा सहा वर्षं प्रामाणिकपणे खोडत राहिलात, रात्रीच्या जेवणाशी, बसस्टॉपवर, शबानाच्या घरी जाताना रेल्वेच्या डब्यात. कदाचित माझा मुद्दा बरोबरही असेल. मला अजूनही वाटतं की मरणाऱ्याला तसं सांगू नये. पण भाईजान म्हणाले तसंच, मुद्दा बरोबर होता, मी बरोबर नव्हते.

दवाखान्यात शेवटच्या दुपारी तुम्ही शुद्धीत होतात. नर्स सलाईन बदलून गेली, खोलीत आपण दोघंच. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "काही राहिलं काय वं बोलायचं?"

तुम्हाला काही माहीत होतं का? की सहज विचारलंत? मी म्हटलं, "काही नाही. पडून राहा तुम्ही."

तुम्ही "बरं" म्हणालात. ते "बरं" मला एकोणीस दिवस ऐकू येतंय.

मागच्या रविवारी शबानाचा पुण्याहून फोन आला. चाळिसाव्या दिवसाला परत येते म्हणाली. मला राहवलं नाही, मी तिला सगळं सांगितलं, पाण्याचं. ती म्हणाली, "अम्मी, तू किती थकली होतीस तेव्हा. कोणाचंही झालं असतं. सोड ते." आणि मग औषधं घेतेस का, जेवतेस का. दोन मिनिटांत तिनं मला माफ करून टाकलं. प्रेमानंच केलं. पण फोन ठेवल्यावर घर आधीपेक्षा रिकामं झालं. मला माफी नको होती. मला असं कोणीतरी हवं होतं, जे ऐकून घेईल, गप्प बसेल, आठवडाभर काही बोलणार नाही, आणि मग भाजी निवडताना मधेच एक वाक्य बोलेल. असा माणूस मला एकच माहीत होता.

अजून एक कबूल करते. या एकोणीस दिवसांत मी दाराकडे कान लावून बसत होते. गोष्टींमध्ये असतं तसं कोणीतरी अनोळखी माणूस येईल आणि म्हणेल, याकूबभाईंनी माझ्यासाठी असं असं केलं होतं, कोणाला सांगू नका म्हणाले होते. तुम्ही 'बाहेर' म्हणून जिथं जायचात, तिथलं कोणीतरी. कोणी आलं नाही. एकदा वाजलं दार, तर गॅसवाला होता. म्हणजे एक तर तसं काही नव्हतंच, किंवा तुम्ही ते इतकं नीट झाकलंत की मलासुद्धा कधी कळणार नाही. आणि मला ते कशाला हवं होतं? पुढच्या वेळी कोणी बाई आली की तिला सांगायला. एका वलीची, संतमाणसाची बेवा म्हणून बसायला. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "काहून?"

काल दुपार कलल्यावर, असरच्या वेळी मी नमाजीला उभी राहिले. खाली बाजार भरात होता, मेश्रामताई बाहेर गेल्या होत्या, जिन्यावर पाऊल नव्हतं. नमाज झाली, सलाम फेरला, आणि माझ्या लक्षात आलं की ती फार लवकर झाली. मी घड्याळ बघितलं. तुम्ही बाहेरच्या खोलीत असताना मला याच्या दुप्पट वेळ लागायचा. तुम्हाला तिथून दिसावं म्हणून कुराणातल्या सुरह सावकाश पढायचे मी. सजद्यात, कपाळ जमिनीला टेकून, रेंगाळायचे. चाळीस वर्षं मला वाटत होतं की ती माझी नमाज आहे. त्यातला केवढा तरी वाटा तुमच्यासाठी होता, आणि बघणारं उठून गेल्याबरोबर तेवढा वाटा आपोआप गळून पडला. उरली ती एवढीशी.

मी बराच वेळ जानमाजवर, नमाजीच्या चटईवर बसून राहिले. रडू आलं नाही. उलट तुमच्या त्या जुम्याच्या दिवसाची थोडी कल्पना आली, लोकांसमोर उभं राहून तोंड उघडावं आणि आत काहीच नसावं, तेव्हा कसं वाटत असेल त्याची. फक्त माझ्यासमोर कोणी नव्हतं. कोणीच नव्हतं हो.

मग मी उठले. आधीची नमाज झाली की नाही झाली, ते माझं मला ठरवता येत नाही, तो ज्याचा हिशेब त्याचा. पण मी परत हात बांधले. नीयतीचे शब्द म्हणायला गेले तर ते आठवेनात, लहानपणापासून दिवसातून पाच वेळा म्हटलेले. तशीच उभी राहिले. हळूहळू बाजाराचा आवाज दूर गेला.

किती वेळ उभी होते, ते तुम्हालाही सांगत नाही.